अलिबागची बदली, मुलाची ॲलर्जी चाचणी आणि घरची कोलंबी

जून २०२४ मध्ये यांची बदली परभणीहून अलिबागला झाली. आमच्याकडे मासे म्हणजे गोदावरीचे, तेही वर्षातून कधीतरी, अंगणातल्या चुलीवर. कोलंबी मी कधी हातात धरलेली नव्हती. त्यात घरात दोन अडचणी. सासूबाई माळकरी. आणि आठ वर्षांच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी पनवेलच्या एका लग्नात कोलंबीचं भजं खाल्ल्यावर ओठांभोवती आणि मानेवर गांधी उठल्या होत्या. तेव्हा गोळी मिळाली, "कोलंबी देऊ नका" असं सांगण्यात आलं, आणि परभणीत राहत असल्यामुळे विषय तिथंच संपला.

अलिबागला तो विषय रोज दारात यायला लागला. शाळेच्या प्रवेश अर्जात 'ॲलर्जी' या रकान्यात मी 'कोलंबी' लिहिलं, तर बाईंनी विचारलं, "किती तीव्र? वासानंही होते का? इंजेक्शन द्यावं लागतं का?" यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. इथं वाढदिवसाला मुलं एकमेकांकडे जेवतात आणि निम्म्या घरांत रविवारी कालवण असतं. त्याला सगळीकडून ओढून आणणं किंवा डोळे मिटून सोडून देणं, दोन्ही मला जमणारं नव्हतं.

हे मी जानेवारी २०२५ मध्ये लिहिते आहे आणि आमच्याकडे बहुतेक रविवारी कोलंबी होते. मधलं सगळं क्रमानं लिहिते. मराठवाडा-विदर्भातून कोकणात बदलीवर येणाऱ्या घरांत हे प्रश्न असतातच.

चाचणीपर्यंत

शेजारच्या काकू अलिबागजवळच्या थळच्या माहेरवाशीण. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "आत्ता बंदी आहे, ताजं काही मिळायचं नाही. जे काय तपासायचं ते तपासून घे." १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं. बाजारात त्या काळात खाडीची थोडी, शेततळ्यातली आणि बर्फातली कोलंबी येते, बाकी सगळं सुकं.

नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात ॲलर्जीचे डॉक्टर शुक्रवारी बसतात असं कळलं. फोन केला तर दोन आठवड्यांनंतरची, २८ जूनची वेळ मिळाली. तपासणीचे ९०० रुपये. डॉक्टरांनी जवळजवळ अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. किती खाल्लं, किती वेळानं गांधी उठल्या, उलटी झाली का, धाप लागली का, त्याच दिवशी आणखी काय खाल्लं, त्या आठवड्यात आजारी होता का. या शेवटच्या प्रश्नाला मी म्हटलं, हो, ताप येऊन गेला होता. त्यांनी ते कागदावर लिहून खाली रेघ मारली. लहान मुलांत विषाणूच्या तापानंतर अशा गांधी उठणं अगदी नेहमीचं आहे, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. जाण्याआधी घटनेच्या दिवसाचं आठवेल तेवढं कागदावर लिहून न्या. तिथं बसल्यावर सुचत नाही.

त्वचेवरची चाचणी पुढच्या शुक्रवारी, ५ जुलैला. त्याआधी सात दिवस ॲलर्जीची कुठलीही गोळी द्यायची नाही, कारण औषध अंगात असेल तर पुरळ उठतच नाही आणि निकाल चुकतो. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच सिरपांमध्ये क्लोरफेनिरामिन असतं आणि तेही याच जातीचं औषध. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर डॉक्टरांना फोटो पाठवून विचारा. नियमित चालू असलेलं कुठलंही औषध मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

चाचणी स्वतः अगदी साधी. मुलाच्या हाताच्या आतल्या बाजूला पेनानं आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याजवळ एकेक थेंब ठेवला आणि त्या थेंबातून त्वचेला बारीक टोचलं. रक्त नाही, रडणं नाही. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तिथं काही उठायला नको. एक हिस्टामिनचा, म्हणजे ज्यानं अंगावर गांधी उठतात त्या द्रव्याचा, तिथं उठायलाच हवं. बाकीचे धूळ, परागकण, अंडं, शेंगदाणा, कोलंबी वगैरे. वीस मिनिटं त्याला खाजवू द्यायचं नव्हतं. तो स्वतःच एकेका टेकाडाकडे बघत होता आणि मी फक्त कोलंबीच्या आकड्याकडे. तिथं एक फिकट, छोटा उंचवटा आला. डॉक्टरांनी पट्टी लावली, २ मिलिमीटर. मिठाच्या पाण्यापेक्षा ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असला तर पॉझिटिव्ह धरतात. धुळीतल्या किड्यांच्या थेंबाजवळ मात्र ६ मिलिमीटर.

डॉक्टरांनी समजावलं ते असं: धुळीतले सूक्ष्म किडे आणि कोलंबी या दोन्हींत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं आणि ते एकमेकांसारखं असतं. ज्याला धुळीची ॲलर्जी आहे त्याच्या शरीराला कोलंबी थोडीशी ओळखीची वाटते, पण खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. खात्री करायची तर रुग्णालयात, देखरेखीखाली, थोडी थोडी खायला घालून बघायचं. हे घरी कधीही करू नये, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मीही इथं तेच सांगते. या चाचणीचे ३,४०० रुपये झाले.

सोडे आणि साधी उकडलेली कोलंबी

खाऊ घालायची चाचणी १२ जुलैला ठरली होती. १० तारखेला मुलाला ताप आला. आजारपणात, खोकला किंवा दम असताना ही चाचणी करत नाहीत, त्यामुळे तारीख थेट ३० जुलैवर गेली. चिडचिड झाली, पण त्या वीस दिवसांत मी काकूंकडे शिकून घेतलं. आमच्या घरात काही शिजवायचं नव्हतं, कारण खरंच ॲलर्जी असेल तर शिजताना उठणाऱ्या वाफेनंही त्रास होऊ शकतो. मुलगा शाळेत असताना मी त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

सुरुवात सोड्यांपासून झाली. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोलंबी. रायगडात जवळजवळ प्रत्येक घरात डबा भरलेला असतो. पाव किलोला ४५० रुपये पडले, महाग वाटतात, पण एका भाजीला मूठभर पुरतात. काकू आधी ते कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं फिरवतात, मग कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवतात. पाणी ओतताना वरवर ओतायचं, कारण वाळू तळाशी बसते. मग तेलात लसूण, चिरलेला पांढरा कांदा, हळद, त्यांचा घरचा मसाला, बटाट्याच्या फोडी, सोडे आणि बटाटा शिजेल एवढंच पाणी. शेवटी दोन कोकमं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो गोडसर असतो आणि सोड्यांच्या खारटपणाला तो जसा जुळतो तसा लाल कांदा जुळत नाही, हे मी आता दोन्ही करून पाहून सांगते.

रुग्णालयानं सांगितलं होतं की चाचणीसाठी कोलंबी घरून शिजवून आणा, नुसती मिठात उकडलेली, मसाला नको, तेल नको. म्हणजे मी शिजवलेली पहिली कोलंबी बिनमसाल्याची होती. बंदीमुळे ती गोठवलेलीच घ्यावी लागली. पाकीट घेताना काय बघायचं ते सांगते. ३१/४० असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, तेवढे नग. आकडा लहान तितकी कोलंबी मोठी. बर्फाचं कवच धरून वजन किती आणि बर्फ सोडून किती, हे वेगवेगळं बघायचं. घटकांमध्ये सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट किंवा आयएनएस ४५१ असेल तर कोलंबी पाणी धरून ठेवते, तव्यावर सोडते आणि खाताना रबरी, पचपचीत लागते. फक्त कोलंबी, फार तर मीठ, एवढंच लिहिलेलं पाकीट मी शोधून घेतलं. बर्फातली ही कोलंबी बहुतेक वनामी जातीची असते. मूळ अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची, आपल्याकडे २००९ पासून तिच्या शेतीला परवानगी मिळाली. आंध्रात सगळ्यात जास्त पिकते. चव समुद्राच्या कोलंबीपेक्षा सौम्य, पण वाईट मुळीच नाही.

आदल्या रात्री पाकीट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून वितळू दिलं. ३० तारखेला पहाटे काकूंच्या गॅसवर खारट पाण्याला खळखळून उकळी आणली, कोलंबी सोडली, अडीच मिनिटांत झाऱ्यानं काढली आणि लगेच गार पाण्यात घातली. स्टीलच्या डब्यात भरली, डबा बर्फाच्या पिशवीत.

३० जुलै

अर्ध्या दिवसाची भरती होती. आधार कार्ड, जुने केसपेपर, ५,००० रुपये अनामत. विमा चालेल का असं मी आधीच विचारून ठेवलं होतं आणि उत्तर नाही असं आलं होतं. आरोग्य विम्यात केवळ तपासणीसाठी झालेली भरती वगळणारं एक ठरावीक कलम असतं, पॉलिसीत ते Excl04 या संकेतानं छापलेलं सापडेल. तुमच्याही पॉलिसीत बघून घ्या आणि पैसे सोबत न्या. एकूण बिल ६,२०० झालं.

संमतिपत्रात 'जिवाला धोका' हे शब्द वाचून माझा पेन थांबला. परिचारिका म्हणाल्या, "ताई, यासाठीच तर इथं करतोय." पलंगाशेजारी ट्रेमध्ये ॲड्रेनालिनचं इंजेक्शन भरून तयार होतं. मुलाचं वजन, नाडी, रक्तदाब, छाती तपासून झाल्यावर डॉक्टरांनी डबा उघडला. पहिला तुकडा तुरीच्या डाळीएवढा. मग वीस मिनिटं वाट. दर वेळी पुन्हा ओठ, पोट, पाठ, श्वास बघायचा. मग जरा मोठा तुकडा. मग अर्धी कोलंबी. मग अख्खी. असं करत चार-पाच मध्यम कोलंब्या पोटात गेल्या. मी सतत त्याच्या मानेकडे बघत होते, जिथं तेव्हा गांधी उठल्या होत्या. दुपारी दोन तास नुसतं बसवून ठेवलं. काही झालं नाही. तो शेवटी म्हणाला, "डब्यात अजून आहे का?" तेव्हा मला रडू आलं.

घरी जाताना डॉक्टरांनी सांगितलं की आता महिन्यातून दोन-तीनदा तरी खाण्यात राहू द्या. दोन दिवस लक्ष ठेवा, ताप असताना नवं काही देऊ नका. एक पत्रही दिलं, त्याचा उपयोग पुढे झाला. हे आमच्या मुलाचं. तुमच्या मुलाचा निकाल वेगळा येऊ शकतो, आणि तो काय आहे ते कळणं हेसुद्धा मोठं काम झालं.

चार दिवसांची संधी

१ ऑगस्टला होड्या समुद्रात गेल्या. ४ ऑगस्टला रविवार आणि दीप अमावस्या, ५ पासून श्रावण. त्या रविवारी अलिबागच्या बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. मध्यम कोलंबी डोक्यासकट ७०० रुपये किलो, बारीक करंदीचा वाटा २००. तेव्हा एरवी हीच मध्यम कोलंबी मला ४५० ते ५५० ला मिळायची, त्यामुळे सुरुवात करणाऱ्यांनी गटारी टाळलेली बरी.

काकूंनी मला त्यांच्या नेहमीच्या मावशींकडे नेलं. मावशी म्हणाल्या, "उचलून बघ ना बाय. डोकं घट्ट हाय का बघ." ताज्या कोलंबीचं डोकं धडाला घट्ट असतं, कवच चकचकीत आणि अंगाला चिकटलेलं असतं, दाबलं तर मांस परत वर येतं. डोकं लोंबत असेल, कवच सैल आणि चिकट असेल, किंवा नाकात झिणझिण्या आणणारा अमोनियाचा वास असेल तर पुढच्या पाटीकडे जायचं. डोक्याजवळचा थोडा काळेपणा मात्र नुसता वितंचकामुळे (एन्झाइममुळे) येतो, कापलेलं सफरचंद काळं पडतं त्याच जातीचा प्रकार. एकट्या त्यावरून सडकी म्हणू नये. सकाळी आठच्या आत जा, सोबत झाकणाचा डबा न्या आणि मावशींकडून मूठभर बर्फ मागून घ्या. देतात.

तेव्हा किलोमागे ५० रुपये दिले की साफ करून मिळायची. तरी पहिल्या वेळी मी घरी आणून काकूंसोबत स्वतः केली आणि तुम्हीही एकदा करा असंच सांगीन. डोकं पिरगळून ओढायचं. डोक्यावर टोकदार काटा असतो, तो बोटात जातो, म्हणून डोकं बाजूनं धरायचं. पायांच्या बाजूनं अंगठा घालून कवच उलगडायचं. पाठीवर सुरीनं उथळ चीर, आतला काळा धागा टोकाला धरून अलगद ओढायचा. ती तिची आतडी. पोटाच्या बाजूलाही एक पांढुरका धागा असतो, तो मज्जातंतू, राहिला तरी चालतो. बारीक कोलंबीत काळा धागा फिकट असेल तर काकू तोही काढत नाहीत. एक किलोची साफ करून साधारण अर्धा किलो होते. हिशोब त्यावर करा. चार माणसांना डोक्यासकट किलोभर नीट पुरते.

कवचं आणि डोकी केराच्या डब्यात टाकू नका. पावसाळी दमट हवेत दुपारपर्यंत घरात उभं राहवत नाही. थोडी शिजवण्यासाठी ठेवायची, बाकी पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये, आणि घंटागाडीच्या वेळीच बाहेर काढायची.

त्या रविवारी काकूंनी लसणावरची कोलंबी दाखवली. साफ कोलंबीला हळद-मीठ लावून दहा मिनिटं ठेवली, मग सुटलेलं पाणी पूर्ण निथळून टाकलं. पसरट लोखंडी तवा कडक तापवला, तेल, ठेचलेला भरपूर लसूण, लसणाच्या कडा सोनेरी होताच अर्धा चमचा मसाला आणि लगेच कोलंबी, एकावर एक न चढवता. करड्या, काचेसारख्या अंगावर कडेनं पांढुरका रंग चढायला लागला, मग पाठीवर केशरी. कोलंबीतलं ॲस्टाझॅन्थिन नावाचं रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं. उष्णतेनं ती गाठ सुटते आणि केशरी रंग दिसतो. दीड मिनिटानं उलटली, आणखी दीड मिनिट, गॅस बंद केल्यावर चमचाभर आगळ, म्हणजे कोकमाचा दाट रस. कोलंबी अर्धवट वळली होती. काकूंनी त्यातली एक मुद्दाम तव्यावर ठेवली आणि बाकीच्या ताटात काढल्या. चार-पाच मिनिटांत ती एक आवळून गोल झाली, अर्धी राहिली. "दोन्ही चावून बघ," म्हणाल्या. एक दाताखाली कुरकुरून तुटली, रसाळ. दुसरी चघळावी लागली. त्यानंतर मला वेळ कधी कुणाला विचारावी लागली नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. कोलंबीला फार मसाला लागत नाही आणि वेळ तर त्याहून कमी लागतो. आम्ही मटणवाले लोक, आमचा हात आपोआप जास्त मसाल्याकडे आणि जास्त शिजवण्याकडे जातो.

माळकरी सासूबाई

आईंशी मी आधीच बोलले होते. चाचणीच्या आधी, आषाढी एकादशी झाल्यावर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लेकरासाठी कर बाई. माझ्या भांड्याला लावू नको, आन् माझ्या वाराला नको." म्हणून मागच्या पडवीत वेगळा ओटा केला. एक बर्नरची शेगडी आणि ५ किलोचा छोटा सिलिंडर. तो ओळखपत्राच्या झेरॉक्सवर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. बदलीवर आलेल्यांना हे माहीत असलेलं चांगलं, कारण मोठं कनेक्शन वर्ग व्हायला आम्हाला बरेच हेलपाटे पडले. वेगळा तवा, वेगळी कढई, वेगळी पाटी-सुरी, धुवायची घासणीसुद्धा वेगळी.

श्रावण, मग ७ सप्टेंबरपासून गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. दसऱ्यापर्यंत, म्हणजे १२ ऑक्टोबरपर्यंत, आमची कढई वरच होती. मुलाच्या खाण्यात खंड पडू नये म्हणून काकू त्याला मधूनमधून बोलावून घ्यायच्या. आईंनी त्यावर एक शब्द काढला नाही, उलट परत आल्यावर "खाल्लंस का पोटभर?" असं त्याच विचारायच्या.

दसऱ्यानंतर

तेव्हापासून माझ्या हातची कोलंबी सुरू झाली. भुजणं मला सगळ्यात आवडतं, कारण त्यात फोडणीच नाही. पातेल्यात चिरलेला कांदा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर, हळद, मीठ आणि सढळ कच्चं तेल घेऊन हातानं चांगलं कुस्करायचं, कांद्याला पाणी सुटेपर्यंत. त्यात बटाट्याचे पातळ काप, कपभर पाणी, वर झाकणात पाणी ठेवून मध्यम आच. बटाटा मऊ झाला की कोलंबी घालायची, एकदा पातेलं हिंदकळायचं, तीन-चार मिनिटांत उतरवायचं. काकू कोलंबी पहिल्यापासूनच घालतात, त्यांच्याकडची मोठी असते आणि बटाटा नसतो. बटाटा असेल तर कोलंबी शेवटीच घाला. आंबटपणाला कैरीच्या दिवसांत कैरी, एरवी कोकम.

कालवणाची खरी चव डोक्यांत असते. आठ-दहा डोकी आणि कवचं स्वच्छ धुऊन थोड्या तेलात लाल होईपर्यंत परतायची, दोन वाट्या पाणी घालून पंधरा मिनिटं उकळायची, दाबून गाळून घ्यायची. गाळणीत खाली केशरी, दाट पाणी उतरतं. लसणाच्या फोडणीवर मसाला, चिंचेचा कोळ आणि हे पाणी, दोन उकळ्या, मग कोलंबी. खोबरं मी घालत नाही. दाट हवं असेल तर चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात कालवून लावा. चिंच आधी आणि कोलंबी नंतर, हा क्रम पाळा. आंबटात फार वेळ राहिली की तिचं मांस घट्ट होतं.

भातही याच पाण्यात. कांदा, तमालपत्र, आलं-लसूण, मसाला, धुतलेले तांदूळ, हे गाळलेलं पाणी. भात नव्वद टक्के झाला की हळद-मीठ लावलेली कोलंबी वर पसरायची, झाकण, मंद आच सहा-सात मिनिटं, मग तेवढाच वेळ तसंच झाकून ठेवायचं. कुकरमध्ये तांदळासोबत कोलंबी टाकू नये, शिट्ट्यांत तिचा चोथा होतो. वांगं, शेवग्याच्या शेंगा, दुधी यांच्यासोबतही छान लागते. भाजी आधी शिजवायची, कोलंबी शेवटी, एवढंच.

उरलेली साफ कोलंबी फ्रिजमध्ये एक दिवस, तीही थंड कप्प्यात. जास्त ठेवायची तर डब्यात ती बुडेल एवढं पाणी घालून गोठवा, कडा कोरड्या पडत नाहीत. हाताचा वास चिंचेच्या चोथ्यानं जातो.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा डॉक्टरांचं पत्र, त्याची झेरॉक्स आणि मुख्याध्यापिकांच्या नावे साधा अर्ज असं दिलं. नोंद बदलायला आठवडा लागला, कारण वर्गशिक्षिका, कार्यालय आणि आरोग्य तपासणीचं कार्ड अशा तीन ठिकाणी ती होती. तिन्ही ठिकाणी बदलली का हे स्वतः बघून या. कार्डावर आता 'धूळ' एवढंच आहे, आणि त्याच्या गाद्या-उशांची खोळ आम्ही दर आठवड्याला गरम पाण्यात धुतो.

आता उन्हाळ्याआधी सुका जवळा, म्हणजे वाळवलेली अगदी बारीक कोलंबी, शिकायचा आहे. कांद्यात परतून, भाकरीसोबत. काकूंनी आत्ताच बजावून ठेवलंय की तो मुळात खारट असतो, मीठ घालायच्या आधी चाखून बघ.